झिंक प्लेटिंग लाइनवर ९००१ आणि १४००१ एकत्र बसवताना: कामाच्या नोंदी

हेच काम ज्यांच्या गळ्यात पडणार आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. आमचं युनिट छोटं आहे, स्टीलच्या पार्ट्सवर अल्कलाइन झिंकचा मुलामा, वरून क्रोम पॅसिवेशन (गंज लांबवणारा क्रोमचा पातळ थर), आणि मागे स्वतःचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. एका मोठ्या कस्टमरचं पत्र आलं की पुढच्या करारासाठी क्वालिटीचं आयएसओ ९००१ आणि पर्यावरणाचं आयएसओ १४००१ दोन्ही लागेल. क्वालिटी मी बघतो, म्हणून दोन्ही माझ्याकडे. पैशाचे आकडे देत नाही कारण प्रत्येकाचे रेट वेगळे असतात, पण माणसांचे दिवस किती गेले ते मोजून लिहितोय, फुकट गेलेले सुद्धा.

६ जानेवारी

पहिल्याच दिवशी पहिली चूक. रेडीमेड डॉक्युमेंटचा सेट विकत घेतला, ७४ फाइली, "फक्त कंपनीचं नाव बदला" असं म्हणून विकतात तो. नाव बदललं. मालकांनी पॉलिसी वाचली आणि विचारलं, अरे आपण शाई कधीपासून वापरतो? तो सेट कुठल्या तरी छापखान्यासाठी केलेला होता, आणि शाईचे डबे, कागदाची कातरण, सगळं आमच्या पर्यावरण पॉलिसीत जाऊन बसलं होतं.

१७ जानेवारी

तो सेट दुरुस्त करण्यात ११ दिवस घातले आणि आज टाकून दिला. अर्ध्या फाइली लागतच नव्हत्या हे मूळ स्टँडर्ड नीट वाचल्यावर कळलं. २०१५च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं नाही, ९००१च्या २००८च्या आवृत्तीत ज्या सहा प्रोसीजर सक्तीच्या होत्या त्या पण तशा राहिल्या नाहीत, आणि मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नावाचा माणूस नेमलाच पाहिजे असंही नाही. सेटमध्ये हे सगळं होतं, कारण सेट जुनाच, वरचा साल तेवढा बदललेला. उलट फेब्रुवारी २०२४ला दोन्ही स्टँडर्डमध्ये हवामान बदलाची जी भर पडली, कलम ४.१ आणि ४.२ मध्ये, ती त्यात नव्हती. ते दोन ओळींचं काम आहे पण ऑडिटर विचारतो.

आता १९ डॉक्युमेंट ठरवलीत. त्यातलं एकही असं नाही की जे लाइनवरच्या माणसाला वाचून कळणार नाही, निदान आज तरी मला असं वाटतंय.

२२ जानेवारी

दोन्ही स्टँडर्डचा सांगाडा एकच आहे, कलम ४ ते १०, म्हणून मी एकच एक्सेल केली, कलम नंबर डावीकडे आणि काय करायचं ते उजवीकडे. एका दिवसात झालं, खूश. (ही शीट पुढे मला नडली, जुलैची नोंद बघा.)

२९ जानेवारी

ॲस्पेक्ट रजिस्टर. म्हणजे आपल्या कामामुळे हवा, पाणी, जमीन यांच्यावर कशाकशाचा परिणाम होतो त्याची यादी. खुर्चीत बसून १४० ओळी लिहिल्या, प्रत्येकीला गंभीरता गुणिले शक्यता असे मार्क दिले. निकाल असा आला की ऑफिसचा प्रिंटर आणि पॅसिवेशनची टाकी दोघांना सारखेच मार्क! गणित बरोबर होतं, मी मार्क देताना कंटाळलो होतो एवढंच.

दुसऱ्या दिवशी वेगळं केलं. लाइनचा नकाशा कागदावर काढला आणि पार्ट्सची एक रॅक डीग्रीझिंगपासून (तेल-ग्रीस काढण्यापासून) पॅकिंगपर्यंत तिच्याबरोबर चालत नेली, हातात घड्याळ. कुठे काय टपकतं, कुठे वाफ उठते, काय उरतं, ते जागच्या जागी लिहिलं. प्लेटिंग टाकीतून रॅक वर आली आणि चार सेकंदात पुढे सरकली, त्या चार सेकंदात आणि पुढच्या दोन मीटरमध्ये बाथचं, म्हणजे टाकीतल्या द्रावणाचं, पाणी जमिनीवर, तिथून नाल्याने ईटीपीत. पाय भिजले तेव्हा पटलं. १४०च्या ३१ ओळी झाल्या. हे आधीच केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

८ फेब्रुवारी

कायदे-नियमांचं रजिस्टर. आधी कायद्यांची नावं लिहिली होती, चांगली दोन पानं भरली, आणि त्याचा उपयोग शून्य. नाव लिहून कुणाला काय करायचं ते कळत नाही. मग आमचा डिस्चार्जचा, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचा, परवाना घेतला आणि त्यातली एकेक अट वेगळी ओळ म्हणून उतरवली: अट काय, कोण बघणार, पुरावा कुठला कागद, किती दिवसांनी. ३८ ओळी निघाल्या.

त्यात दोन गोष्टी सापडल्या ज्या आम्ही वर्षानुवर्षं फाइलला लावून ठेवल्या होत्या आणि वाचल्या नव्हत्या. एक, परवान्यात एकूण क्रोमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आम्ही फक्त एकूणची टेस्ट करत होतो. दोन, रोज किती पाणी सोडायचं त्यालाही मर्यादा आहे. दुसरी मी वाचली, रजिस्टरात लिहिली आणि पुढे गेलो. वाचली म्हणजे झालं असं वाटलं.

२० फेब्रुवारी

हेक्झा क्रोमची पहिली टेस्ट. लॅबने दिलेल्या बाटल्यांत सॅम्पल भरलं, मेटलच्या सॅम्पलमध्ये नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणायचा असतो हे माहीत होतं म्हणून सगळ्याच बाटल्यांत टाकलं, रिपोर्ट आला "आढळले नाही". दोन दिवस आम्ही हवेत.

मग लॅबच्या केमिस्ट मॅडमचा फोन. त्यांनी विचारलं की हेक्झाच्या बाटलीत पण ॲसिड घातलं होतं का? झालं. ॲसिडमध्ये हेक्झा क्रोम पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी किंवा ईटीपीत टाकतो त्या उरलेल्या मेटाबायसल्फाइटशी रिॲक्ट होऊन ट्रायव्हॅलंट (कमी विषारी रूप) होतो, म्हणजे आपण मोजायला गेलो तीच गोष्ट बाटलीत संपवून टाकली. हेक्झासाठी वेगळी बाटली, ॲसिड नाही, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत टेस्ट. आणि पीएच तर जागेवरच मोजायचा, लॅबला पाठवायचाच नाही.

रिपोर्ट रद्द, सॅम्पलिंग परत, लॅबची फी परत.

२७ फेब्रुवारी

दुसरा रिपोर्ट. हेक्झा क्रोम मर्यादेच्या वर. एकूण क्रोम पण काठावर.

मालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, आधी शोध काय झालंय, मग कुणाला काय कळवायचं ते बघू. मी म्हटलं साहेब, परवान्यात लिहिलंय की मर्यादा ओलांडली तर कळवायचं, ते "मग" मध्ये बसत नाही. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, पत्र तयार कर. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं, आणि कारण सापडेपर्यंत पाणी सोडणं बंद, ट्रीटमेंट झालेलं पाणी टाकीत साठवून. सहा दिवस एकच शिफ्ट चालवली. या सगळ्या प्रकल्पात सर्वात महाग पडलेला आठवडा हाच.

५ मार्च

सापडलं. जरा सविस्तर लिहितो कारण हे कुठेही होऊ शकतं.

आमच्या ईटीपीत क्रोमचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी ॲसिडमध्ये, पीएच २ ते २.५ ला सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून हेक्झाचा ट्राय करायचा. मग दुसऱ्या टाकीत कॉस्टिक टाकून पीएच ८.५ ते ९ च्या आसपास आणायचा म्हणजे क्रोम आणि झिंक दोन्ही हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. पहिल्या टप्प्यात पीएच २.५ असला तर काम काही मिनिटांत होतं, ३ च्या वर गेलं की वेग धाडकन पडतो. दुसऱ्या टप्प्यात उलटं, पीएच फार चढवला तर खाली बसलेला क्रोम परत विरघळायला लागतो.

मीटरवर पहिल्या टाकीत २.५ दिसत होतं, दुसरीत ९. दोन्ही अगदी पुस्तकासारखे. आणि दोन्ही प्रोबवर कॅलिब्रेशनचा स्टिकर, तारीख चालू महिन्याची. म्हणून तीन दिवस आम्ही मीटरवर संशयच घेतला नाही, मेटाबायसल्फाइटची नवीन पोती मागवली, डोसिंग पंप खोलून बसवला, स्टररची मोटर बघितली. शेवटी ईटीपीवाले काका पीएच पेपरची पट्टी बुडवून घेऊन आले आणि म्हणाले, "तुमचा मीटर काही म्हणू दे, हा कागद मला चार दाखवतोय."

नवीन सीलबंद बफर (ठरावीक पीएचची द्रावणं, मीटर जुळवायला) मागवले, ४, ७ आणि १० चे. त्यात तपासलं तर दोन्ही प्रोब साधारण १.१ ने कमी दाखवत होते. म्हणजे पहिली टाकी खरी ३.६ ला आणि दुसरी १०.१ ला चालू होती. एका चुकीने दोन्हीकडे वाट लावली, हेक्झा पुरता बदलत नव्हता आणि जो बदलत होता त्यातला थोडा वर परत विरघळत होता. वरून कॉस्टिक जास्त जात होतं ते वेगळंच.

आता प्रश्न असा की दर महिन्याला कॅलिब्रेट होऊन दोन्ही सारखेच कसे चुकले. कारण बफर. ७ चा एकच बफर, एकच बाटली, त्यातलं कपात ओतायचं, अल्कलाइन टाकीतला प्रोब न धुता बुडवायचा, मीटरला सांगायचं की हे ७ आहे, मग दुसरा प्रोब, आणि उरलेलं बाटलीत परत. असं किती महिने चाललं कुणास ठाऊक. त्या बाटलीतलं "७" नवीन मीटरवर ८ च्या वर निघालं.

दुरुस्ती: बफर छोट्या पाऊचमध्ये, वापरून फेकायचे, परत ओतायचे नाहीत. दोन पॉइंटवर कॅलिब्रेशन, ॲसिड टाकीला ७ आणि ४, दुसरीला ७ आणि १०. प्रोबचा स्लोप लिहून ठेवायचा, आदर्श २५ अंशाला दर पीएचला ५९ मिलिव्होल्टच्या जवळपास, ९० टक्क्यांच्या खाली गेला की साफ करा, तरी वर आला नाही तर बदला. प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचा नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या सोल्यूशनमध्ये ठेवायचा (आमचा डिस्टिल्डमध्येच असायचा). आणि रोज सकाळी पट्टीने क्रॉस चेक, तो काकांचा हट्ट, मी लगेच फॉर्ममध्ये टाकला.

पण खरी गोम माझ्याकडेच होती. कॅलिब्रेशनची यादी मी ठेवतो. त्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर, कोटिंगची जाडी मोजायचं यंत्र, सगळं आहे. ईटीपीचे प्रोब नाहीत, कारण ते "पर्यावरणाचं". दोन सिस्टम डोक्यात वेगळ्या ठेवल्या की मधल्या फटीत असं पडतं.

१२ मार्च

पुन्हा सॅम्पल, हेक्झा मर्यादेच्या बराच खाली, एकूण क्रोम पण. कळवलं, डिस्चार्ज चालू.

२१ मार्च

आता धुण्याच्या टाक्या. कस्टमरची सर्वात जास्त तक्रार पांढऱ्या डागांची, आणि ईटीपीवर सर्वात जास्त भार बाथमधून रॅकबरोबर बाहेर येणाऱ्या पाण्याचा, ड्रॅग-आउटचा. दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी: नीट न निथळणं आणि नीट न धुणं.

निथळायचा वेळ आधी वाढवला, फुकट आहे म्हणून. चार सेकंदांचे एकदम तीस केले. दोन दिवसांत डाग दुप्पट! गरम बाथमधून आलेला पार्ट तीस सेकंद हवेत राहिला की वरचा अल्कलाइनचा थर सुकायला लागतो, मग तो पुढे धुऊन निघत नाही आणि पॅसिवेशन चट्ट्याचट्ट्याने बसतं. लाइनचा सुपरवायझर मला हे आधीच म्हणाला होता, मी ऐकलं नव्हतं. शेवटी १२ वर थांबलो, आणि रॅकवर पार्ट थोडे तिरके टांगले म्हणजे खालच्या कोपऱ्यातून थेंब लवकर सुटतो. तिरके टांगायची आयडिया त्याचीच.

मग पाणी. एका टाकीत सतत पाणी सोडून धुवायचं आणि बाथचं पाणी हजारपट पातळ करायचं असेल तर दर लिटर ड्रॅग-आउटला साधारण १००० लिटर पाणी लागतं. तेच दोन टाक्या ओळीने, पाणी उलट दिशेने वाहत, तर अंदाजे ३२ लिटर. तीन टाक्यांना १०. हा हिशेब मालकांना कागदावर करून दाखवला आणि तिसऱ्या टाकीला मंजुरी पाच मिनिटांत मिळाली. एवढी लवकर मंजुरी मला आजवर कुठल्याच गोष्टीला मिळालेली नाही.

२ एप्रिल

टाकी बसली, पाइप जोडले, चालू केलं आणि शेवटच्या टाकीतलं पाणी सर्वात घाण. कसं काय? प्लंबरने ताजं पाणी पहिल्या टाकीत दिलं होतं. ताजं पाणी शेवटच्या टाकीत आलं पाहिजे आणि तिथून मागे मागे वाहत पहिल्या टाकीत, पार्ट पुढे जातो तर पाणी मागे. त्याला दोष नाही, मी ड्रॉइंगवर बाणच काढले नव्हते. अर्धा दिवस आणि चार एल्बो वाया.

९ एप्रिल

रोजच्या नोंदी चाळताना एक गोष्ट लक्षात आली. काकांची गाळाच्या पोत्यांची वही आणि माझं रिजेक्शनचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. ज्या आठवड्यात रिजेक्शन जास्त त्याच्या मागोमाग पोती जास्त, तीन महिने हेच.

विचार केला तर सरळ आहे. एक लॉट रिजेक्ट झाला की आम्ही तो ॲसिडमध्ये स्ट्रिप करतो, सगळा झिंक ॲसिडमध्ये, ॲसिड ईटीपीत, त्याला न्यूट्रल करायला कॉस्टिक, मग गाळ, आणि पार्ट परत पहिल्यापासून लाइनवर. एका चांगल्या लॉटपेक्षा एका रिजेक्ट लॉटचा भार कितीतरी पट. आणि माझ्या ३१ ओळींच्या ॲस्पेक्ट रजिस्टरात रिवर्क ही ओळच नव्हती! प्रिंटर होता.

रिवर्क पहिल्या नंबरवर टाकलं. वर्षाचं पर्यावरण उद्दिष्ट म्हणून "झाडं लावणे" लिहिलं होतं ते काढलं आणि "स्ट्रिप होणारे लॉट निम्म्यावर" हे लिहिलं. एकच उद्दिष्ट, दोन्ही स्टँडर्डला चालतं.

२५ एप्रिल

रिजेक्शनचं कारण शोधताना मागचे फॉर्म काढले. दहापैकी सात फॉर्मवर कारण "ऑपरेटरची चूक", उपाय "ऑपरेटरला समज दिली". ते फॉर्म मीच भरलेत.

खरं कारण असं निघालं की ब्राइटनर (झिंकला चकाकी आणणारं केमिकल) अंदाजाने ओतत होते, एक मग सकाळी, एक दुपारी. लाइन भरून चालली तर कमी पडायचा आणि माल निस्तेज, रिकामी चालली तर जास्त व्हायचा आणि कोटिंग ठिसूळ होऊन पापुद्रे. आता रेक्टिफायरवरच्या (प्लेटिंगला करंट देणाऱ्या यंत्रावरच्या) अँपिअर-तासाप्रमाणे घालतो, म्हणजे जेवढं प्लेटिंग झालं तेवढाच, आणि दर दोन दिवसांनी २६७ मिलीच्या हल सेलमध्ये (बाथ तपासायच्या छोट्या टाकीत) पॅनल काढून बघतो. हल सेल आमच्याकडे होता, कपाटात, पॅकिंगसकट.

१४ मे

ॲसिड सांडल्याची ड्रिल. कागदावर सगळं तयार होतं. प्रत्यक्षात स्पिल किट स्टोअरमध्ये कुलपात आणि चावी ज्याच्याकडे तो दुसऱ्या शिफ्टचा. ड्रमखालचा बंड, म्हणजे सांडलेलं अडवायचा कठडा, सर्वात मोठ्या ड्रमच्या ११० टक्के मावेल असा बांधलेला आहे, पण पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह उघडाच, म्हणजे ११० टक्के असो की २००, सगळं सरळ नाल्यात गेलं असतं.

आणि किट उघडलं तर आत लाकडाचा भुसा. नायट्रिक किंवा क्रोमिक ॲसिडवर भुसा टाकला तर पेट घेऊ शकतो. सगळा भुसा बाहेर, तिथे न पेटणारं शोषक. त्या एका पोत्यासाठी ड्रिल वसूल झाली असं मी म्हणेन. व्हॉल्व्हला कुलूप घातलं, कायम बंद, किटचं कुलूप काढलं.

२ जून

इंटर्नल ऑडिट. पहिल्यांदा मीच केलं, प्लेटिंग, लॅब, ईटीपी सगळं, एकही चूक सापडली नाही. स्वतःचं काम स्वतः तपासलं की असंच होणार, स्टँडर्डमध्ये पण निःपक्षपातीपणाची अट आहे. रद्द करून अदलाबदल केली: काकांनी प्लेटिंग तपासायचं, परचेसच्या मॅडमनी ईटीपी, सुपरवायझरने परचेस.

मॅडम सकाळी अकरा वाजता ईटीपीत गेल्या आणि दुपारी दोन वाजताचं पीएच रीडिंग लिहिलेलं सापडलं. पाचचं पण.

काका ओशाळले, माझ्याकडे आले. मला आधी राग आला, मग फॉर्म बघितला. मी केलेला फॉर्म, दर तासाला एक असे १२ रकाने. ईटीपीत बॅच येते दिवसाला तीन. मधल्या तासांना टाकीत पाणीच नसतं, काय मोजणार? सुरुवातीला ते रकाने रिकामे ठेवायचे, तर मीच एकदा लाल पेनाने "अपूर्ण" लिहून परत पाठवला होता. तेव्हापासून ते भरायला लागले. फॉर्म बदलला, दर बॅचला एक ओळ: दोन्ही टप्प्यांचे पीएच, किती मिनिटं ठेवलं, पट्टीचं रीडिंग, सोडण्याआधी साफ दिसलं का. काकांना काही बोललो नाही. लाल पेनाबद्दल सॉरी म्हणालो.

२३ जून

मॅनेजमेंट रिव्ह्यू. ४० स्लाइड नेल्या होत्या, मालकांनी सहावर थांबवलं आणि विचारलं, रिजेक्शन किती उतरलं? पाण्याचं मीटर किती उतरलं? दोन्ही सांगितलं. पुढचे दोन तास खरंच कामाचं बोलणं झालं. पुढच्या वेळी सहाच स्लाइड.

८ जुलै

स्टेज वन ऑडिट. सर्टिफिकेशनवाले सल्ला देत नाहीत, देऊ पण शकत नाहीत, त्यामुळे "मग काय करू" असं विचारून उपयोग नसतो, ते फक्त काय नाही ते दाखवतात. सिस्टम कागदावर कितपत तयार आहे ते बघतात.

त्यांनी विचारलं, परवान्यातल्या अटी पाळल्या जातात का याचं मूल्यमापन कुठे आहे, कलम ९.१.२. मी आत्मविश्वासाने शीट उघडली, ९.१.२ समोर: कस्टमर समाधान सर्व्हे. जानेवारीत नंबर जुळवून एकत्र केलेली तीच शीट. ९००१ मध्ये ९.१.२ म्हणजे कस्टमरचं समाधान, १४००१ मध्ये ९.१.२ म्हणजे नियमपालनाचं मूल्यमापन. सांगाडा सारखा आहे पण आतल्या कलमांचे नंबर सगळीकडे जुळत नाहीत. ८.२ चं पण तेच, एकीकडे ऑर्डरच्या अटी, दुसरीकडे आणीबाणीची तयारी. मी एकाच ओळीत लिहिल्यामुळे नंतरच्याने आधीचं खोडलं.

त्यामुळे ३८ अटींचं रजिस्टर होतं, रिपोर्ट होते, पण "ही अट, हा आकडा, पाळली की नाही" असं कुणी कधी ओळीने बसून तपासलंच नव्हतं. त्याच दिवशी रात्री बसलो. रोजच्या पाण्याची अट आठवते? मीटरची वही काढली, फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगल्या १९ दिवशी मर्यादेच्या वर. एप्रिलपासून, तिसरी टाकी लागल्यापासून, एकदाही नाही. म्हणजे योगायोगाने सुटलो. हे पण पत्र लिहून कळवलं, दुसऱ्यांदा सोपं गेलं.

११ ते १३ ऑगस्ट

स्टेज टू, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं ऑडिट. दोन मायनर (छोट्या त्रुटी) निघाले. गाळ नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या परवान्याची आमच्याकडची कॉपी संपलेली (त्याच्याकडे नवीन होता, आम्ही मागितला नव्हता). आणि लाइनवर पाण्याच्या बाटलीत पातळ केलेलं ॲसिड, लेबल नाही. मूळ ड्रमवर लेबल असतं, त्यातून छोट्या बाटलीत काढलं की लोक विसरतात. बाटलीवरून मला जास्त वाईट वाटलं, कुणी ते पाणी समजून प्यायलं असतं तर. साध्या पाण्याच्या बाटल्या लाइनवर आणायला बंदी, वेगळ्या रंगाच्या बाटल्या, वर नाव आणि धोक्याचं चिन्ह.

३० ऑगस्ट

हिशेब. एकूण माणसांचे १६८ दिवस. त्यातले ३१ नंतर फेकून दिलेल्या कागदांवर. खर्चात सर्वात वर तिसरी टाकी आणि पाइप, मग एका शिफ्टवर चाललेला तो मार्चचा आठवडा, मग लॅबच्या फिया, सर्टिफिकेशनची फी चौथ्या नंबरवर. टेम्प्लेटचा सेट सर्वात स्वस्त होता आणि दिवस त्यानेच सर्वात जास्त खाल्ले.

१९ सप्टेंबर

दोन्ही सर्टिफिकेटं आली. तीन वर्षांची, मध्ये दर वर्षी सर्व्हेलन्स ऑडिट. फ्रेम केलीत, एक रिसेप्शनला आणि एक काकांच्या केबिनमध्ये, त्यांनी मागून घेतली.

१० नोव्हेंबर

स्ट्रिप होणारे लॉट जानेवारीच्या तुलनेत निम्म्याच्या थोडे वर आहेत, उद्दिष्ट अजून गाठलेलं नाही. उरलेल्यांत बहुतेक खोल भोकांचे पार्ट, त्यांच्यात पाणी अडकतं, तिरके टांगूनही निघत नाही. रॅकला हलका ठोका द्यायचा जुगाड सुपरवायझर करून बघतोय.

हेक्झा पॅसिवेशन काढून ट्रायव्हॅलंट लावायचं ठरलंय, म्हणजे ईटीपीचा पहिला टप्पाच जाईल. ट्रायलचे पहिले पॅनल सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासायची टेस्ट) लवकर पांढरे पडले. पण तपासलं तर चेंबरमध्ये फवारा किती जमतो हे कुणी मोजलंच नव्हतं, ८० चौरस सेंटीमीटरच्या फनेलमध्ये तासाला १ ते २ मिली हवं, आमच्याकडे ३ च्या वर होतं. म्हणून ते पॅनल पास पण नाहीत आणि फेल पण नाहीत. नोझल बदलून पाच नवीन आज सकाळी आत ठेवलेत, ३५ अंश, ५ टक्के मीठ. पहिली तपासणी परवा.